वाचकांचे प्रश्न : खारीच्या शिकारीसाठी नेमकी रायफल

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या वाचकांचे आहेत. तिथल्या बहुतांश राज्यांत खारीची शिकार कायद्याने मान्य आहे. तिचा हंगाम ठरलेला असतो, दिवसाला किती मारायच्या याची मर्यादा असते आणि मांस घरी शिजवलं जातं. भारतात तसं नाही. त्याबद्दलचा एक प्रश्नही खाली घेतला आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांबरोबर सप्टेंबरपासून खारीच्या शिकारीला जायचं ठरलं आहे. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टूटू रायफल चालवली होती, त्यापलीकडे अनुभव नाही. दुकानात दहा-बारा रायफली दाखवल्या आणि प्रत्येक अचूकच आहे असं सांगितलं. नेमकी कोणती घ्यावी?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

आधी लक्ष्य केवढं आहे ते मनाशी पक्कं करा, रायफलीचं नंतर बघू. तुमच्याकडची राखाडी खार साधारण अर्धा किलोची असते. गोळी लागताक्षणी तिचा जीव जावा यासाठी ती मेंदूत लागायला हवी, म्हणजे बाजूने पाहिलं तर डोळा आणि कान यांच्या मधे, कानाच्या मुळाशी. ही जागा जेमतेम इंचभराची, तिकडच्या क्वार्टरच्या नाण्याएवढी. पोटात किंवा मागच्या पायात गोळी लागलेली खार ढोलीत शिरते आणि तिथे तासन्‌तास तडफडत मरते. ती तुम्हाला मिळत नाही आणि मांसही वाया जातं. म्हणून अचूकपणा ही इथे हौसेची बाब नाही.

बहुतेक नेम २० ते ४० यार्डांवर मिळतात, क्वचित ५० वर. याचा हिशेब असा : टेबलावर वाळूच्या पिशवीचा आधार देऊन ५० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, तर त्या अर्ध्या ते पाऊण इंचात बसायला हव्यात. रायफलच एक इंच पसरत असेल तर नाण्याएवढी सगळी जागा तिनेच खाल्ली. तुमच्या हाताचा कंप, श्वास आणि वारा यांच्यासाठी काहीच उरलं नाही.

काडतूस पॉइंट टूटू लाँग रायफल हेच घ्या. १८८७ पासून ते चालत आलं आहे, स्वस्त आहे, आवाज कमी आणि धक्का जवळपास नाही. खारीला लागतो तेवढा जोर त्यात आहे. रायफल बोल्टची घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करून काडतूस आत बसवायची. बोल्ट हाताने बंद करताना काडतूस नळीत हळू आणि सरळ बसतं, शिशाच्या मऊ गोळीचं नाक कुठे घासत नाही. शिवाय एक गोळी मारून पुन्हा बोल्ट फिरवायचा म्हटलं की माणूस पहिल्याच गोळीला जपून नेम धरतो. नवशिक्यासाठी हा फायदा फार मोठा आहे.

आता नावं. आमचा पहिला कौल सीझेड ४५७ ला. नळी चांगली, ट्रिगरचा जोर स्वतः कमी-जास्त करता येतो, आणि पुढे हौस वाढली तर दोन स्क्रू सैल करून नळीही बदलता येते. टिक्का टी१एक्स त्याच तोडीची, सिंथेटिक दस्त्याची, ओल्या हवेत बिनघोर. पैसे कमी असतील तर सॅव्हेज मार्क टू घ्या. तिचा बोल्ट चालायला खडबडीत आणि दस्ता साधा असतो, पण नळी किमतीच्या मानाने थक्क करणारी आणि ॲक्युट्रिगरचा जोर बदलता येतो. वाचलेल्या पैशांची काडतुसं घ्या. महागडी रायफल आणि हाताला येईल ती काडतुसं, या जोडीपेक्षा सॅव्हेज आणि तिला मानवणारी काडतुसं ही जोडी जास्त खारी घरी आणेल. रूगर अमेरिकन रिमफायरही वाईट नाही, पण तिच्यात एका रायफलीपासून दुसरीपर्यंत फरक जास्त दिसतो.

नळीच्या लांबीचा बाऊ करू नका. या काडतुसातली दारू १६ ते १८ इंचांत आपलं काम उरकते, त्यापुढची लांबी वेगात फारशी भर घालत नाही. २० इंची नळी झाडीत वावरायला सोयीची. जाड नळीची निशाणेबाजीची रायफल स्कोपसह, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीसह, साडेआठ-नऊ पौंडांवर जाते. टेबलावर ती सुरेख वाटते, तीन तास जंगलात फिरल्यावर हात थरथरायला लागतात. रिकामी रायफल सहा-साडेसहा पौंडांची पुरे.

ट्रिगरकडे मात्र नीट लक्ष द्या. रायफल सहा पौंडांची आणि ट्रिगरही सहा पौंडांचा असेल, तर तो दाबताना बोट रायफललाच एका बाजूला ओढतं. अडीच ते तीन पौंडांवर, मधे कुठेही न अडखळता सुटणारा ट्रिगर हवा. त्याहून हलका नको, थंडीत बोटं बधिर असताना तो धोक्याचा.

दुकानात तीन गोष्टी तपासा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून बघा. मग नळी आणि दस्ता यांच्यामधून डॉलरची नोट सरकवून पाहा, ती दस्त्याच्या टोकापासून आतपर्यंत मोकळी जायला हवी. जुनी रायफल असेल तर नळीच्या तोंडाची कड, जिला क्राऊन म्हणतात, तिच्यावरून कापसाची काडी गोल फिरवा. धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे, आणि गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. दुकानदाराला विचारल्याशिवाय रिकाम्या रायफलीचा ट्रिगर दाबू नका. अनेक जुन्या रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात करणाऱ्या) रायफलींत फायरिंग पिन, म्हणजे आघात करणारी सुई, थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते.

ओहायोत हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी आणि दिवसाला ६ खारी. तरी दर वर्षी राज्याची नियमपुस्तिका पाहायचीच.

प्रश्न : पॉइंट वन-सेव्हन एचएमआर हे काडतूस जास्त अचूक आणि सरळ जाणारं आहे असं ऐकलं. मग पॉइंट टूटू का घ्यायची?
— एक वाचक, स्प्रिंगफील्ड, मिझुरी

ऐकलं ते खरं आहे. १७ ग्रेनची (सुमारे १.१ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २५५० फुटांनी निघते आणि १०० यार्डांपर्यंत नेम फारसा वर-खाली करावा लागत नाही. पण तिची ऊर्जा २४५ फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे साध्या पॉइंट टूटूच्या सुमारे अडीचपट, आणि गोळी लागताच फुटते. डोक्याऐवजी खांद्यात लागली तर पुढचं मांस गेलंच म्हणून समजा. आवाजही कडक, त्यामुळे आसपासच्या खारी बराच वेळ दडून बसतात. उघड्या माळावरच्या झाडांत, ७०-८० यार्डांवर, डोक्याशिवाय कुठेही नेम न धरणाऱ्यासाठी ते ठीक. ओक-हिकरीच्या दाट जंगलात त्याची गरज नाही. पॉइंट टूटू मॅग्नम तर खारीसाठी सोडूनच द्या.

प्रश्न : सॅव्हेज मार्क टू घेतली. एका डब्यातल्या काडतुसांनी ५० यार्डांवर अर्ध्या इंचाचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आला, दुसऱ्या कंपनीच्या त्याहून महाग काडतुसांनी दीड इंच. रायफलीत दोष आहे का?
— एक वाचक, हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया

दोष नाही, ही रिमफायरची जात आहे. या काडतुसाचं प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला, मधोमध नसतं, ते बुडाच्या कडेत फिरवून भरलेलं असतं. कडेची जाडी आणि मसाल्याचं प्रमाण थोडं जरी बदललं तरी गोळीचा वेग बदलतो. ५० फूट प्रति सेकंदाचा फरक ५० यार्डांवर गोळीला सुमारे पाव ते तृतीयांश इंच वर-खाली नेतो. त्यात तुमच्या नळीचा चेंबर, तिचा कंप, गोळीवरचं मेण हे सगळं येतं. कोणती नळी कोणतं काडतूस 'खाते' हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि किमतीवरून तर अजिबात नाही.

ऑलिंपिकचे नेमबाजही हेच करतात. पॅरिस २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच पॉइंट टूटू लाँग रायफल काडतुसावर. त्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. त्या पातळीवर नेमबाज आपल्या नळीवर वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेले काडतुसांचे गट, तपासून मगच साठा घेतात. आपल्याला तेवढं नको, पण पद्धत तीच.

पाच-सहा प्रकारांचे ५० काडतुसांचे एकेक डबे आणा. त्यांत दोन-तीन स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे (ध्वनीपेक्षा जरा कमी वेगाचे), एक सबसॉनिक होलो पॉइंट (ध्वनीहून मंद, गोळीच्या टोकाला पोकळी असलेला) आणि एक साधा हाय व्हेलॉसिटीचा (ध्वनीहून वेगवान) असू द्या. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि एसके स्टँडर्ड प्लस यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. वारा नसलेली सकाळ निवडा. प्रत्येक प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या नुसत्या मातीच्या बांधावर मारा. आधीच्या काडतुसाचं मेण नळीतून जाऊन नव्याचं बसायला तेवढ्या लागतात, आणि ही पायरी गाळणारे चांगल्या काडतुसांना उगाच नापास करतात. मग पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप वेगवेगळ्या लक्ष्यांवर. सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ०.२२ इंच वजा करा आणि पाचही ग्रुपांची सरासरी काढा. तीन गोळ्यांचा एकच सुरेख ग्रुप पाकिटात जपून ठेवण्यात अर्थ नाही. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात.

'बाहेर गेलेली एक गोळी माझी चूक होती' असं म्हणून ती वगळू नका. चूक झाली हे गोळी सुटण्याच्या क्षणी कळलं असेल तरच वगळा, भोक पाहिल्यावर नव्हे.

वेगाबद्दल आमचं मत ठाम आहे : खारीसाठी ४० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला १०५० ते १०८० फुटांचा वेग. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे ११२५ फूट. हाय व्हेलॉसिटी गोळी १२३५ च्या आसपास निघते आणि साधारण ५० यार्डांच्या आगेमागे ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या संक्रमणात ती थोडी डळमळते. शिवाय तिचा कडाका जंगलभर ऐकू जातो. वाऱ्याचंही उलटंच आहे. वेगवान गोळी वाऱ्याला कमी जुमानेल असं वाटतं, पण ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ५० यार्डांवर स्टँडर्ड गोळी इंचभर सरकते, तर हाय व्हेलॉसिटी जवळपास दीड इंच. कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि वेगवान गोळी आपला वेग फार लवकर गमावते.

एक प्रकार पसंत पडला की डब्यावरचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटची ५०० काडतुसांची ब्रिक घ्या. पुढच्या वर्षी तेच नाव, पण नवा लॉट आला तर पुन्हा तपासायचं.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तांब्याच्या हलक्या गोळ्या बऱ्याच नळ्यांत शिशाएवढ्या नेमक्या बसत नाहीत. म्हणून तिथे जास्त प्रकार तपासा आणि अंतर कमी ठेवा.

प्रश्न : हरणाच्या रायफलीवरची ३-९ × ४० स्कोप (३ ते ९ पट वाढ, ४० मिलिमीटरचं भिंग) काढून पॉइंट टूटूवर बसवली आणि ५० यार्डांवर झीरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली. लक्ष्यावर बरोबर लागते, पण जवळच्या उंच झाडावरची खार चुकते. असं का?
— एक वाचक, पिट्सबर्ग

तीन चुका एकावर एक चढल्या आहेत.

पहिली पॅरलॅक्सची. मोठ्या रायफलीची स्कोप सहसा १०० किंवा १५० यार्डांसाठी जुळवलेली असते. जवळचं लक्ष्य पाहताना डोळा स्कोपच्या बरोबर मध्यावर नसेल तर क्रॉसहेअर एका जागी दिसते आणि नळी दुसरीकडे रोखलेली असते. ४० मिलिमीटर भिंगाची, १०० यार्डांवर जुळवलेली स्कोप २५ यार्डांवर जास्तीत जास्त १५ मिलिमीटर फसवू शकते. नाण्याएवढ्या लक्ष्यासाठी हे फार झालं. मान वर करून झाडात पाहताना गाल दस्त्यावर नेहमीच्या जागी बसत नाही, म्हणून ही चूक नेमकी तिथेच उमटते. उपाय : रिमफायरची, ५० यार्डांवर जुळवलेली स्कोप, किंवा त्याहून चांगली म्हणजे अंतर जुळवायची कडी असलेली, जी १० यार्डांपर्यंत खाली येते. वाढ ४ ते ६ पट पुरते. ९ पटीवर पानांत खार शोधतानाच वेळ जातो.

दुसरी चूक गोळीच्या वाटेची. स्कोप नळीच्या दीड इंच वर असते. गोळी खालून निघते, नजरेची रेष ओलांडते आणि पुन्हा खाली येते. स्टँडर्ड काडतुसाने ५० यार्डांवर झीरो केली, तर १० यार्डांवर गोळी सुमारे अर्धा इंच खाली लागते, १७-१८ वर रेषेवर येते, २५ वर तृतीयांश इंच वर, ३५ वर जवळजवळ अर्धा इंच वर, ५० वर बरोबर, ६० वर पाऊण इंचाहून थोडी जास्त खाली आणि ७५ वर पावणेतीन इंच खाली. म्हणून ५० चा झीरो खारीसाठी उत्तम, पण १० यार्डांवर मुंडकं बाहेर काढून बसलेल्या खारीला अर्धा इंच वर धरायचं हे पाठ हवं. हे आकडे तुमच्या रायफलीवर, तुमच्या स्कोपच्या उंचीवर, कागदावर मारून पडताळा.

तिसरी चूक चढ्या नेमाची. गुरुत्वाकर्षण गोळीला खाली ओढतं. नेम ४५ अंश वर असेल तर त्या ओढीचा नजरेच्या रेषेला आडवा येणारा भाग सुमारे सात-दशांशच राहतो. २५ यार्डांवर त्यामुळे गोळी आणखी पाव इंचाहून थोडी जास्त वर जाते. आधीचा तृतीयांश धरला तर एकूण अर्ध्या इंचाच्या वर. उंच झाडात नेम थोडा खाली धरा, म्हणजे कानाच्या मुळाच्या खालच्या कडेला.

यात अजून एक भर : सप्टेंबरात झीरो केलेली रायफल जानेवारीत खाली लागते, कारण थंडीत दारूचा जोर कमी पडतो आणि हवा दाट होते. थंडी पडली की पुन्हा दहा गोळ्या कागदावर मारा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पॉइंट टूटूची गोळी वर, आकाशाकडे सुटली तर मैलाहून दूर जाऊ शकते, काडतुसांच्या डब्यावरही दीड मैलाचा इशारा असतो. खारीच्या मागे जाड खोड किंवा जाड फांदी नसेल, नुसतं आभाळ असेल, तर ट्रिगरला बोट लावायचं नाही. खार किती का जवळ असेना. थांबलात तर ती बहुतेकदा खोडावर येतेच.

प्रश्न : घरात रूगर १०/२२ आहे. खारीसाठी नवी रायफल घ्यायलाच हवी का?
— एक वाचक, सेंट लुइस

नको. १९६४ पासून बनत असलेली ही रायफल भरवशाची आहे. ती अर्धस्वयंचलित आहे, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप आत येतं; काही राज्यांत अशा रायफलीवर लहान शिकारीसाठी मर्यादा असतात, तेवढं तपासा. हिचा चेंबर मुद्दाम थोडा सैल ठेवलेला असतो म्हणून काडतूस अडकत नाही, पण ५० यार्डांवर एक ते दीड इंच पसरणं हे हिच्यासाठी नेहमीचं. आधी ट्रिगर बदला. मूळचा पाच-सहा पौंडांचा असतो, कंपनीचाच पावणेतीन पौंडांच्या आसपासचा मिळतो. मग दस्त्याचा स्क्रू आणि नळी धरणाऱ्या व्ही-ब्लॉकचे दोन स्क्रू घट्ट आहेत का पाहा आणि काडतुसांची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे करा. एवढं करून एक इंचाच्या आत आली तर ३० यार्डांपर्यंत निश्चिंत वापरा. त्यापुढे नेम धरू नका, नळी बदलेपर्यंत.

प्रश्न : दोन महिने छान चाललेली सीझेड अचानक दोन इंच पसरायला लागली. नुकतीच स्वच्छ केली होती.
— एक वाचक, सिनसिनाटी

'नुकतीच स्वच्छ केली' यातच अर्धं उत्तर आहे. शिशाच्या गोळीवरचं मेण नळीच्या आत एक पातळ थर देतं आणि नळी त्याच थरावर स्थिरावते. तो पुसला की पुढच्या दहा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात. वीस मारून पुन्हा ग्रुप पाहा.

तरी सुधारलं नाही तर स्कोपच्या कड्यांचे स्क्रू बघा. सीझेडच्या पाठीवरची खाच ११ मिलिमीटरची आहे आणि अमेरिकेत मिळणाऱ्या अनेक रिमफायर कड्या साडेनऊ मिलिमीटरच्या, म्हणजे तीन-अष्टमांश इंची खाचेसाठी असतात. त्या बसल्यासारख्या वाटतात, पण दर गोळीला केसभर सरकतात. त्यानंतर दस्त्याचे दोन स्क्रू. कंपनीच्या माहितीपत्रातला आकडा टॉर्क-रेंचने लावा, हाताच्या अंदाजाने नको. लाकडी दस्ता पावसाळी हवेत फुगून नळीला टेकला असेल तर नोट सरकवून कळेल.

साफ करताना सळई नेहमी बोल्टच्या बाजूने घाला, बोअर-गाइड लावून. तोंडाकडून घातलेली सळई क्राऊन झिजवते आणि ते नुकसान कायमचं. नळीची पूर्ण सफाई ग्रुप बिघडायला लागल्यावरच. चेंबरच्या पुढच्या कडेला मात्र काजळीचं कडं जमतं, ते अधूनमधून द्रावणाचा बोळा दहा मिनिटं ठेवून काढावं.

झाडाच्या खोडाला टेकवून नेम धरत असाल तर नळी खोडाला लावू नका. हात खोडाला, दस्ता हातावर. नळी टेकली की तिचा कंप बदलतो आणि गोळी दुसरीकडे जाते.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येईल का? मित्र, ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तो घेऊन द्यायला तयार आहे.
— एक वाचक, डॅलस

मित्राला नाही म्हणा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक विकत घेणं हा संघीय गुन्हा आहे आणि त्यात दोघंही अडकतात.

तुमच्या स्थितीत नियम असा आहे : तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. अगदी रेंजवर उसनी घेतली तरी. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. तो असेल तर कायदेशीर खरेदी शक्य होते आणि विक्रेत्याकडचा अर्ज भरताना तो दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा सुरक्षा-अभ्यासक्रम लागतो, मिझुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतरच्यांना. आधी तो करा, मग परवाना काढा आणि खरेदीपूर्वी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारा. इथे चूक झाली तर व्हिसावरच बेतते.

प्रश्न : आमच्या वाडीत खारी कोवळे नारळ पोखरतात. छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, मग तिने खारी मारल्या तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

चालणार नाही. ०.१७७ इंचापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअरगनला परवाना लागत नाही हे बरोबर, पण तो शस्त्राचा नियम झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ वेगळा आहे, आणि त्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. नारळ पोखरणारी मोठी, तांबूस खार असेल तर ते शेकरू, आपला राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठीच राखलं आहे. त्याला खडाही मारू नका.

माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीच्या वर फूट-दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. पण शेजारच्या झाडाची फांदी किंवा दुसऱ्या माडाची झावळी टेकत असेल तर पत्र्याचा उपयोग शून्य, प्राणी वरून येतो. आधी फांद्या तोडा. नेमबाजीचीच आवड असेल तर १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. पुण्यात बालेवाडीला रेंज आहे.

प्रश्न : थंडीत ट्रिगर दाबल्यावर नुसतं 'टक्' झालं, गोळी सुटली नाही. लगेच बोल्ट उघडला तर सोबतचा मित्र ओरडला. का?
— एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

मित्राचं बरोबर होतं. कधीकधी ठिणगी दारूपर्यंत उशिरा पोचते. बोल्ट उघडा असताना काडतूस पेटलं तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. नळी सुरक्षित दिशेला, जमिनीकडे धरून पूर्ण ३० सेकंद थांबा. मग चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडा.

काडतुसाच्या कडेवरचा व्रण बघा. खोल आणि स्पष्ट असेल तर त्या जागी मसालाच नव्हता, काडतूस खराब. व्रण उथळ असेल तर दोष रायफलीत आहे. बोल्टमधलं घट्ट तेल थंडीत गोठून फायरिंग पिनचा वेग कमी करतं. बोल्ट उघडून कोरडा पुसा आणि पातळ तेलाचा एकच थेंब द्या. न फुटलेलं काडतूस खिशात इतर काडतुसांत टाकू नका. वेगळं ठेवा आणि रेंजवरच्या त्यासाठीच्या डब्यात टाका.

'टक्' ऐवजी नेहमीपेक्षा मंद, फुसका आवाज आला तर जास्त सावध व्हा. गोळी नळीतच अडकली असू शकते. दुसरी गोळी मारली तर नळी फुगेल किंवा फाटेल. वरच्यासारखंच ३० सेकंद थांबून बोल्ट काढा, मॅगझिन काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का पाहा. दिसला नाही तर त्या दिवसाची शिकार तिथेच थांबवा. घरी नळीत थोडं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी नळीच्या मापाच्या पितळी सळईने, पुढून मागे, हलके ठोकत गोळी बाहेर काढा. हलली नाही तर जोर करू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.